ड्रेस्डेनमधला औरंगजेब आणि बरोकचं कोडं

युरोपातलं एखादं बरोक चर्च किंवा राजवाडा पाहून बाहेर पडलेल्या माणसाला विचारलं, काय पाहिलंत, तर उत्तर बहुधा एकच येतं : सोनं खूप होतं, पुतळे खूप होते, छतावर ढग आणि देवदूत होते. हे ‘खूप’ कशासाठी होतं हे मात्र गाइड सांगत नाही, आणि टूरच्या धावपळीत विचारायला सवडही मिळत नाही. माझं म्हणणं असं, की बरोक कळायला कलेच्या इतिहासाची पुस्तकं पालथी घालावी लागत नाहीत. समोरच्या प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारायचा : हे कोणी, कोणाला दाखवायला केलं? आणि हा प्रश्न विचारत हिंडायला जर्मनीतल्या ड्रेस्डेनइतकं सोयीचं शहर मला दुसरं माहीत नाही. राजवाडा, रत्नांचा खजिना, दोन मोठी चर्च, बाग, संगीत हे सगळं तिथे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे, आणि त्यातलं बरंचसं एका राजाच्या हट्टातून उभं राहिलेलं आहे.

बरोक शैली १६००च्या सुमारास रोममध्ये आकाराला आली. प्रॉटेस्टंट पंथाने कॅथलिक चर्चच्या सत्तेला हादरा दिला होता. दुरावलेल्या श्रद्धाळूंना परत ओढायचं तर नुसती प्रवचनं पुरणार नव्हती, डोळे आणि कान जिंकायला हवे होते. मग सरळ भिंती आत-बाहेर वळू लागल्या. पुतळे शांत उभे राहीनासे झाले. ते वळतात, धावतात, कपड्यांच्या चुण्या वाऱ्यावर उडतात. प्रकाश कुठून पडावा हेही वास्तुकार ठरवू लागला. शिल्प कुठे संपतं आणि रंगवलेलं छत कुठे सुरू होतं, ते कळू नये अशी योजना होऊ लागली. ही लाट आपल्या किनाऱ्यालाही लागली. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या उंच संगमरवरी चौथऱ्यावर ठेवली आहे, तो फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडवला आणि टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने तो १६९८ साली गोव्याला पाठवला. म्हणजे बरोक पाहिलेली माणसं महाराष्ट्रात आणि गोव्यात भरपूर आहेत, फक्त त्याला बरोक म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

चर्चने शोधलेलं हे तंत्र राजांनी लगेच उचललं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायचा भव्य राजवाडा उभारला आणि युरोपातल्या प्रत्येक लहानमोठ्या राजाला आपलंही व्हर्साय असावं असं वाटू लागलं. त्यांतलाच एक सॅक्सनीचा फ्रीडरिख ऑगस्ट, पुढे ‘बलदंड ऑगस्टस’ म्हणून ओळखला गेलेला. तरुणपणी युरोपभर फिरून त्याने व्हर्साय डोळ्यांनी पाहिलं होतं. १६९४मध्ये तो सॅक्सनीच्या गादीवर आला. सॅक्सनीचा अधिपती हा ‘इलेक्टर’, म्हणजे जर्मन सम्राटाच्या निवडणुकीत मत असलेला मोठा सरदार, पण राजा नव्हे. ऑगस्टसला राजा व्हायचं होतं. पोलंडमध्ये राजा निवडून येत असे, आणि तो कॅथलिक लागत असे. ऑगस्टस कॅथलिक झाला आणि १६९७मध्ये पोलंडचा मुकुट त्याच्या डोक्यावर आला. पण ज्या सॅक्सनीत मार्टिन ल्यूथरने धर्मसुधारणेची ठिणगी टाकली, तिथली प्रजा कट्टर प्रॉटेस्टंट होती. राजा एका पंथाचा, शहर दुसऱ्या पंथाचं. ड्रेस्डेनचं बरोक या ताणातून जन्मलं.

आता त्स्विंगरमध्ये या. नदीकाठच्या जुन्या तटबंदीला लागून असलेलं हे मोठं अंगण, भोवती बसक्या कमानदार गॅलऱ्या आणि मधे मधे उंच मंडप. वास्तुकार मॅथेउस डानिएल प्योपेलमान, शिल्पकार बाल्थाझार पेर्मोझर. काम १७०९च्या सुमारास सुरू झालं. सुरुवातीला ही राजाची राहण्याची जागा नव्हतीच, ती संत्र्यांच्या झाडांची होती! ड्रेस्डेनच्या हिवाळ्यात संत्री-लिंबं तग धरत नाहीत. म्हणून ती मोठाल्या कुंड्यांत लावायची, उन्हाळ्यात अंगणात मांडायची आणि थंडी पडली की मोठ्या काचांच्या गॅलऱ्यांत आत घ्यायची. दरबारी पाहुण्याला सॅक्सनीत पिकलेलं संत्रं दाखवणं म्हणजे ऋतूही माझं ऐकतो असं सांगणं होतं.

गोष्ट इथे संपत नाही. तटाच्या बाजूच्या मंडपाच्या माथ्यावर खांद्यावर मोठा गोल घेतलेला हर्क्युलीस उभा आहे. ग्रीक कथेत हर्क्युलीसला सोन्याची फळं आणायची असतात. ॲटलस ती आणून देतो, आणि तोवर ॲटलसच्या खांद्यावरचा आकाशाचा भार हर्क्युलीस स्वतः पेलतो. सोन्याची फळं म्हणजे खाली अंगणातली संत्री. आणि भार? १७११मध्ये सम्राट पहिला योझेफ वारला. नवा सम्राट निवडला जाईपर्यंत साम्राज्याचा कारभार काही काळ पाहण्याचा मान ज्यांच्याकडे आला, त्यांत ऑगस्टस होता. दुसऱ्याचा भार थोडा वेळ खांद्यावर घेतलेला हर्क्युलीस म्हणजे ऑगस्टस. अंगणात आलेल्या सुशिक्षित पाहुण्याला हे कोडं सुटत असे आणि सुटल्यावर तो मान डोलवत असे. प्रवेशद्वारावर तर कोडंही नाही, तिथे पोलंडचा मुकुट चार गरुडांच्या आधाराने ठेवला आहे. १७०६मध्ये स्वीडनकडून मार खाऊन ऑगस्टसने पोलंड गमावलं होतं, १७०९मध्ये ते परत मिळालं. त्स्विंगरचं बांधकाम त्याच वेळचं.

हर्क्युलीसच्या खालचे पेर्मोझरचे खांब जवळ जाऊन पाहा. ते खांब नाहीतच, कमरेपर्यंत माणूस आणि खाली निमुळता दगड असे वनदेव आहेत. वरचा सगळा मंडप त्यांच्या मानेवर. एकाचे गाल फुगलेत, दुसऱ्याच्या कपाळावर आठ्या, तिसरा दात काढून हसतोय, शेजाऱ्याकडे डोळे वळवून काहीतरी बोलतोय असं वाटावं. दोन चेहरे एकसारखे सापडत नाहीत. आणि त्यांच्यामध्ये भिंत जवळजवळ नाहीच, सगळ्या खिडक्या. पेर्मोझरने उमेदीची बरीच वर्षं इटलीत काढली होती. दगडाला वजन असतं हे दाखवायचं आणि त्याच दगडाला हलकं भासवायचं, ही दोन्ही कामं तो एकाच चेहऱ्यात करतो. त्स्विंगरमध्ये वेळ कमी असेल तर बाकी काही पाहू नका, हे चेहरे पाहा.

१७१९च्या ऑगस्टमध्ये ऑगस्टसच्या मुलाचं लग्न दिवंगत सम्राट योझेफच्या मुलीशी, मारिया योझेफाशी व्हिएन्नात झालं आणि सप्टेंबरमध्ये ड्रेस्डेनला सोहळे महिनाभर चालले. सात ग्रहांच्या नावाने सात महोत्सव झाले. त्स्विंगर तेव्हा पुरतं बांधून झालेलं नव्हतं, म्हणून अर्धवट भागांत लाकडाची सजावट उभारून ते पूर्ण असल्याचं दाखवलं गेलं. बरोकमध्ये ही फसवणूक मानत नसत, हेही कौशल्यच होतं. शेजारी नवं ऑपेरागृह बांधलं गेलं. लंडनच्या ऑपेरासाठी गायक शोधत संगीतकार हँडेल त्या वर्षी ड्रेस्डेनला आला होता.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, तिथे येऊ. राजवाड्यात ‘ग्रीन व्हॉल्ट’ नावाचा खजिना आहे. ऑगस्टसने तो १७२३ नंतर खास दालनांत मांडून पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. त्यात योहान मेल्खिओर डिंगलिंगर या दरबारी सोनाराची एक कलाकृती आहे : औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्लीतला दरबार. साधारण दीड मीटर रुंदीचा चांदीचा चौथरा, त्यावर पायऱ्या, कमानी, छत्र्या, हत्ती, घोडे, नजराणे घेऊन चाललेले सरदार आणि सगळ्यांच्या वर सिंहासनावर बोटभर उंचीचा बादशहा. माणसं आणि प्राणी मिळून १३२ मूर्ती, सोन्याच्या, वर मिन्याचं काम. हिरे, माणकं, पाचू मिळून पाच हजारांवर रत्नं. डिंगलिंगर आणि त्याच्या भावांनी १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं त्यावर घालवली, तेही कोणी मागणी नोंदवलेली नसताना, स्वतःच्या हिमतीवर. ऑगस्टसने ती जवळपास ५८ हजार थालरना (थालर म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) विकत घेतली.

डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने दरबार कल्पनेतून उभा केला. त्यामुळे त्यात चिनी वळणाच्या आकृती आहेत, इजिप्तची छाया आहे, कुठे युरोपचीही. मराठी वाचकाला त्यातली तारीख मात्र टोचल्याशिवाय राहत नाही. १७०१ साली ड्रेस्डेनमध्ये हे काम सुरू झालं तेव्हा खरा औरंगजेब दिल्लीत नव्हताच. तो दक्षिणेत उतरून वीस वर्षं होत आली होती आणि त्या वर्षी त्याच्या फौजा पन्हाळ्याला वेढा घालून बसल्या होत्या. महाराणी ताराबाईंच्या नेतृत्वाखाली मराठे लढत होते. विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असा एकेक किल्ला घेत म्हातारा बादशहा छावणीत दिवस काढत होता, आणि घेतलेले किल्ले मराठे पुन्हा जिंकत होते. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. १७०७मध्ये अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू झाला आणि खुलताबादला उघड्या आकाशाखाली साध्या मातीच्या कबरीत त्याला पुरलं. ड्रेस्डेनमधला सोन्याचा बादशहा पुरा झाला तो त्याच्या पुढच्या वर्षी.

ऑगस्टसला औरंगजेब कशाला हवा होता? त्याच्या पोलंडमध्ये सरदार राजा निवडत आणि पदोपदी अडवत. सॅक्सनीतही कर लावायचा तर सरदार-नगरांच्या सभांशी घासाघीस करावी लागे. ज्याला कोणी जाब विचारत नाही, ज्याच्यापुढे सगळे नजराणे घेऊन वाकतात, असा राजा युरोपच्या कल्पनेत पूर्वेला राहत होता. डिंगलिंगरने ऑगस्टसला हिंदुस्थान दाखवला नाही, त्याची स्वतःची इच्छा दाखवली. बरोक म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी याच वस्तूकडे बोट दाखवेन.

या सगळ्याचा पैसा कुठून आला, हेही विचारायला हवं. सॅक्सनीच्या डोंगरांत चांदी होती, लायपझिगचे बाजार श्रीमंत होते, आणि खपणाऱ्या मालावर बसवलेला नवा कर रयत भरत होती. चिनी मातीच्या भांड्यांचं वेड तर ऑगस्टसला इतकं होतं, की १७१७मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार शिपाई दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्यातली मोठी निळी-पांढरी भांडी आज त्स्विंगरच्या दालनात आहेत. त्यांच्यापुढे उभं राहिल्यावर ती सुंदर आहेत आणि त्यांच्या बदल्यात माणसं गेली, या दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्या लागतात.

राजाचं बरोक हे असं. शहराचं बरोक पाहायचं तर फ्राउएनकिर्शेकडे जावं. राजा कॅथलिक झालेला असताना ड्रेस्डेनच्या प्रॉटेस्टंट नागरिकांनी हे चर्च १७२६ ते १७४३ या काळात बांधलं. वास्तुकार गेओर्ग बेअर. मूळचा सुतार. त्याने घुमट लाकूड-तांब्याचा न करता तळापासून माथ्यापर्यंत दगडाचा करायचा आग्रह धरला. सुमारे १२ हजार टन वजनाचा तो घुमट आठ सडपातळ खांबांवर उभा राहिला, बाहेरून एखाद्या प्रचंड घंटेसारखा बाक घेत. बेअर काम पुरं होण्याआधी, १७३८मध्ये वारला. आतली मांडणी पाहिली की प्रॉटेस्टंट बरोकचा वेगळेपणा कळतो. लोक गोलाकार बसतात, वर सज्जे चढत जातात, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला : प्रवचनाची जागा, तिच्यामागे वेदी, तिच्यावर ऑर्गन. इथे ऐकणं महत्त्वाचं.

राजघराण्याने याला उत्तर दिलं ते पुढच्या पिढीत. इटालियन वास्तुकार कियावेरी याने १७३९ ते १७५१ दरम्यान नदीकाठी कॅथलिक दरबारी चर्च उभारलं. कठड्यांवर संतांचे ७८ पुतळे, पुलावरून येणाऱ्याला दुरूनच दिसावेत असे. त्यात एक गंमत आहे. प्रॉटेस्टंट शहरात रस्त्यावर कॅथलिक मिरवणूक काढणं अवघड होतं, म्हणून चर्चच्या आतच मधल्या दालनाभोवती मिरवणुकीसाठी रुंद वाट ठेवली आहे. ही दोन चर्च एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. एकापाठोपाठ दोन्ही पाहिली की तो जुना ताण अंगाला जाणवतो.

संगीताची गोष्ट याच दोन चर्चमधून जाते. बरोक संगीताचा पाया खर्जातली एक अखंड ओळ असते. चेलो किंवा तत्सम वाद्य ती वाजवतं, आणि तिच्याखाली लिहिलेल्या आकड्यांवरून हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) किंवा ऑर्गन वाजवणारा बाकीचे सूर त्या क्षणी भरतो. म्हणजे कागदावर सगळं लिहिलेलं नसतं. ऑपेरातल्या गाण्याचंही तसंच : पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा दुसरा, मग पहिला पुन्हा. पुन्हा येताना गायकाने त्यात स्वतःच्या हरकती, ताना घालायच्या. नाट्यपदाचं धृपद परत घेताना कसलेला गायकनट जे करत असे आणि लोक वन्समोर देत असत, तेच हे. १७३१मध्ये ड्रेस्डेनला हास्से या संगीतकाराचा ‘क्लेओफिदे’ हा ऑपेरा झाला. नायिकेच्या भूमिकेत त्याची बायको, तेव्हाची नामांकित गायिका फाउस्तिना बोर्दोनी. कथानक सिकंदर आणि पोरस यांचं, म्हणजे पुन्हा कल्पनेतला हिंदुस्थान.

दरबाराचा वाद्यवृंद युरोपात गाजलेला होता. त्याचा पहिला व्हायोलिनवादक पिझेंडेल व्हेनिसला जाऊन संगीतकार व्हिवाल्डीकडे शिकून आला, आणि व्हिवाल्डीने ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदासाठी खास रचना केली. पिझेंडेल १७५५मध्ये गेल्यावर त्याच्या जपून ठेवलेल्या हस्तलिखितांचा ढीग दरबारी चर्चमधल्या एका कपाटात गेला आणि विसरला गेला. एकोणिसाव्या शतकात ते कपाट उघडलं. व्हिवाल्डीच्या कितीतरी रचना अभ्यासकांना त्यातून मिळाल्या.

लायपझिगमध्ये वरिष्ठांच्या कटकटींना वैतागलेल्या योहान सेबास्टियन बाखचाही ड्रेस्डेनवर डोळा होता. १७३३मध्ये ऑगस्टस वारला. त्याच्या मुलाला बाखने जुलैत एक ‘मिस्सा’, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची संगीतरचना, अर्पण केली आणि दरबारी पदवी मागितली. बाख स्वतः प्रॉटेस्टंट, पण त्याने निवडलेले प्रार्थनेचे दोन भाग दोन्ही पंथांत चालणारे होते. गायन-वादनाची रचनाही अशी, की ती पेलणारे कलावंत ड्रेस्डेनमध्ये होते. पदवी मिळाली १७३६च्या नोव्हेंबरात. १ डिसेंबरला बाखने येऊन फ्राउएनकिर्शेच्या नव्या ऑर्गनवर दोन तास वादन केलं. ती मिस्सा पुढे त्याच्या ‘बी मायनर मास’ या महान रचनेचा पहिला भाग झाली. नोकरीच्या अर्जासोबत जोडलेलं संगीत इतकं थोर असू शकतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

बागांबद्दल थोडक्यात. शहरातला ‘ग्रोसर गार्टन’ १६७६मध्ये आखायला घेतला, ऑगस्टसच्याही आधी. मधोमध छोटा महाल आणि त्याच्याकडे नेणारे लांब सरळ रस्ते. बरोक बागेत निसर्ग भूमितीच्या आज्ञेत राहतो आणि तुम्ही कुठे उभे राहून काय पाहायचं हे माळ्याने आधीच ठरवलेलं असतं. एल्ब नदीवर वरच्या अंगाला पिल्निट्झचा महाल आहे, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. दरबारी मंडळी होड्यांनी येत, म्हणून महालाचं दर्शनी तोंड नदीकडे. तिथेही बोटीनेच जावं.

आता एक गोष्ट जी पाहताना विसरता कामा नये. १३ आणि १४ फेब्रुवारी १९४५ला ब्रिटिश आणि अमेरिकन बॉम्बहल्ल्यांत हे शहर जळालं. सुमारे २५ हजार माणसं मेली. फ्राउएनकिर्शे हल्ल्यात उभं राहिलं होतं, पण आगीने खांब भाजून निघाले आणि १५ तारखेच्या सकाळी घुमट कोसळला. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा युद्धाची आठवण म्हणून तसाच ठेवला गेला. १९९४ ते २००५मध्ये चर्च पुन्हा बांधलं, खर्चाचा मोठा भाग देणग्यांचा. जुने दगड वेचून, शक्य तिथे मूळ जागी बसवले. म्हणून भिंतीवर फिक्या दगडांत काळे दगड दिसतात. ती घाण नव्हे, एल्बकाठचा वालुकाश्म काळाने असा गडद होतो. घुमटावरचा नवा क्रूस घडवला लंडनच्या सोनारकाम करणाऱ्या कारागिराने, ज्याचे वडील त्या हल्ल्यातले वैमानिक होते. काही जण विचारतात, मग हे खरं बरोक म्हणायचं का? मला वाटतं, म्हणायचं. ज्या शहराने हा घुमट स्वतःच्या पैशाने एकदा बांधला, त्यानेच तो लोकांच्या देणग्यांतून परत बांधला.

ऑर्गनच्या बाबतीत मात्र फरक लक्षात ठेवा. बाखने वाजवलेला, गॉटफ्रीड झिल्बरमान या कारागिराने बांधलेला फ्राउएनकिर्शेचा ऑर्गन १९४५मध्ये गेला. तिथला आजचा ऑर्गन २००५चा. झिल्बरमानच्या हातचा खरा आवाज ऐकायचा तर दरबारी चर्चमध्ये जा. तो त्याचा शेवटचा ऑर्गन. १७५३मध्ये तो वारल्यावर इतरांनी पुरा केला. १९४४मध्ये नळ्या काढून सुरक्षित ठिकाणी नेल्या, म्हणून त्या वाचल्या.

ड्रेस्डेन प्राग आणि बर्लिनच्या साधारण मधे आहे, दोन्हीकडून थेट रेल्वे आहे, त्यामुळे युरोपच्या सहलीत ते बसवणं कठीण नाही. एकच दिवस असेल तर सकाळी त्स्विंगर, मग दोन्ही चर्च, आणि दुपार पूर्ण खजिन्याला द्या. खजिन्याचे दोन भाग आहेत. तळमजल्यावरच्या ऐतिहासिक दालनांना ठरावीक वेळेचं तिकीट लागतं आणि ते लवकर संपतं. औरंगजेबाचा दरबार तिथे नाही, तो वरच्या मजल्यावरच्या ‘नव्या’ ग्रीन व्हॉल्टमध्ये आहे. अनेक जण खालचा भाग पाहून परत जातात आणि त्यांचा तो राहून जातो.